मयताच्या घराचा पंचनामा: वसाहतकाळातला अमेरिकी संसार समजून घ्यायचा तर

अमेरिकेत मुलं चौथी-पाचवीत गेली की एक दिवस दप्तरातून ‘कलोनियल लाइफ’च्या प्रकल्पाचा कागद निघतोच. पांढरी टोपी, मेणबत्ती, लोणी काढायचा लाकडी डेरा आणि चरख्याशी बसलेली बाई अशी चित्रं चिकटवली की प्रकल्प पुरा होतो. माझ्या मुलीचाही तसाच पुरा झाला. पण त्या घरात पाणी कोण भरायचं, धुणं कोण धुवायचं, घरधनी गेला तर बायकोच्या हाती काय उरायचं, यातलं काहीच त्या पुठ्ठ्यावर आलं नव्हतं आणि ते माझ्या मनाला लागून राहिलं. बॉस्टनजवळ राहत असल्यामुळे पुढे सवड काढून वाचत गेले. हा विषय नव्याने सुरू करणाऱ्यांना मी एकच वाट सुचवते. गव्हर्नर आणि लढाया तूर्त बाजूला ठेवा आणि कुणातरी एका मयताच्या घराची यादी हातात घ्या.

त्या काळी घरमालक वारला की न्यायालयाच्या सांगण्यावरून गावातले दोन-तीन जाणते गृहस्थ त्याच्या घरी जात, खोल्यांमधून फिरत आणि दिसेल ती वस्तू लिहून तिच्यापुढे किंमत मांडत. गादी, कढई, कुऱ्हाड, गाय, जुना अंगरखा. कर्ज फेडायचं आणि वारसांत वाटणी करायची तर हिशेब हवाच. इंग्रजीत याला प्रोबेट इन्व्हेंटरी म्हणतात. आपला पंचनामा डोळ्यांपुढे आणला की काम भागतं. अशा हजारो याद्या आज शाबूत आहेत, आणि घराच्या आत नेणारं याहून चांगलं दार मला तरी सापडलेलं नाही.

आधी गाव आणि साल ठरवा

‘वसाहतकाळ’ हा शब्द फार मोठा आहे. व्हर्जिनियातलं जेम्सटाउन, इंग्रजांची इथली पहिली टिकलेली वसाहत, १६०७ मध्ये वसलं आणि स्वातंत्र्याचा जाहीरनामा १७७६ मध्ये आला. बॉस्टन वसलं त्या १६३० साली शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला आणि १७७६ हे आपल्याकडे पुरंदरच्या तहाचं वर्ष. शहाजीराजांच्या काळचं घर आणि सवाई माधवरावांच्या काळचं घर एकच मानून कुणी लिहिलं तर आपण ते मान्य करू का? इथेही करू नये.

जागेचा फरक तर काळाहून मोठा. मॅसॅच्युसेट्समध्ये लोक बायकामुलांसह आले. थंडी कडाक्याची, पण हवा निरोगी. म्हातारी माणसं नातवंडं बघायला जगत. व्हर्जिनिया आणि मेरीलँडमध्ये पहिल्या पिढ्यांत आले ते बहुतेक तरुण पुरुष, तंबाखूच्या शेतावर राबायला. हिवताप आणि हगवण यांनी माणसं पटापट जात. मुलं मोठी होईपर्यंत आईबाप दोघेही हयात असणं तिथे भाग्याचं. सावत्र आई, सावत्र बाप, सावत्र भावंडं ही रोजची गोष्ट. पेनसिल्व्हेनियात क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक आणि जर्मन शेतकरी, दक्षिण कॅरोलायनात भाताची खाचरं. म्हणून सुरुवातीला एकच गाव, आणि दहा-वीस वर्षांचाच काळ घ्या. मी मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरच्या प्लिमथपासून सुरुवात केली, कारण तिथल्या याद्या सुवाच्य अक्षरांत उतरवून इंटरनेटवर ठेवलेल्या आहेत.

तारखांच्या बाबतीत एक अडचण हमखास येते. इंग्लंड आणि तिच्या वसाहतींत १७५२ पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे फेब्रुवारीतल्या कागदावर १६८९/९० असं दुहेरी साल दिसतं. आणि १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतरचा दिवस १४ सप्टेंबर धरला गेला. कुणाचा जन्म आधी आणि लग्न नंतर हे जुळेना झालं, तर आधी इथे पाहा.

यादी मिळवा आणि मोठ्याने वाचा

फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर मॅसॅच्युसेट्ससह अनेक ठिकाणच्या वारसाहक्काच्या कागदांची छायाचित्रं फुकट पाहता येतात. सतराव्या शतकातलं वळण पाहून पहिल्या दिवशी घाबरायला होईल. मोडी पहिल्यांदा बघणाऱ्याचं जे होतं तेच. त्यामुळे आधी उतरवून काढलेल्या पाच-सहा याद्या वाचा, मग मूळ कागदाकडे वळा. लिहिणारा जसा बोलायचा तसं लिहायचा, एकच शब्द एका पानावर तीन तऱ्हांनी. डोळ्यांना कोडं वाटणारा शब्द मोठ्याने उच्चारला की बहुतेक वेळा कानाला कळतो.

किमतीचे तीन रकाने असतात: पौंड, शिलिंग, पेन्स. १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड. ज्यांच्या आजोबांनी रुपये-आणे-पैचे हिशेब केले त्यांना हे जड जाणार नाही. मात्र प्रत्येक वसाहतीचा पौंड वेगळा होता आणि तो लंडनच्या पौंडाइतका नव्हता. मॅसॅच्युसेट्सची किंमत व्हर्जिनियाच्या किमतीशी थेट ताडून पाहू नका. व्हर्जिनियात तर कित्येक व्यवहार तंबाखूच्या वजनातच मांडलेले सापडतील.

मग यादीतली सगळ्यात महाग वस्तू शोधा. बऱ्याच घरांत ती असते पिसांची गादी. त्या काळी ‘बेड’ म्हणजे गादी आणि लाकडी पलंगाला वेगळा शब्द. बदक-हंसांची पिसं साठवत वर्षानुवर्षं भरलेली गादी, तिचे पडदे, घोंगड्या, चादरी. आणि त्याच घरात खुर्च्या जेमतेम दोन. बाकीचे बाकांवर, पेट्यांवर बसत. कथलाची आणि पितळेची भांडी तर कित्येकदा वजनावर लिहिलेली असतात. आपण जुनी पितळी भांडी मोडीत घालतो, तसंच तिथेही जुनं भांडं वितळवून नवं होई.

प्लिमथचे गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड १६५७ मध्ये वारले. त्यांच्या कपड्यांच्या यादीत लाल वेस्टकोट आणि जांभळा झगा आहे. काळे कपडे, उंच टोपी, बुटाला मोठं बक्कल हे चित्र जिथे दिसेल तिथे मुलांना ही यादी दाखवा.

चुलीपाशी थांबा

यादीत साखळ्या, आकडे, तीन पायांचा तवा, लोखंडी हंडा, चिमटे अशा वस्तू एकत्र आल्या की समजायचं, पंच आता चुलीपुढे उभे आहेत. इथे मुक्काम करा. घराचं सगळं काम या आगीभोवती फिरतं.

चूल म्हणजे माणूस आत उभा राहील एवढा भिंतीतला कोनाडा. वर धुराड्यात आडवा दांडा, त्याला साखळीने हंडा टांगलेला. आच कमी-जास्त करायची तर हंडा आकड्यावरून वर-खाली घ्यायचा. निखारे पुढे ओढून त्यावर तीन पायांचा तवा ठेवायचा, म्हणजे एकाच आगीवर उकळणं आणि भाजणं दोन्ही. रात्री निखारे राखेखाली झाकून ठेवत. सकाळी आग विझलेली निघाली तर चकमक झाडा, नाहीतर शेजारून विस्तव आणा. हे वाचताना मला आजोळची चूल आणि आजीची फुंकणी आठवते, आणि कोणत्याही पुस्तकापेक्षा ती आठवण अधिक कामाला येते. ज्यांनी चूल पाहिली आहे त्यांना हे घर अर्धं तिथेच कळलं.

शिजायचं काय? मका. प्लिमथला १६२० मध्ये उतरलेल्या १०२ लोकांपैकी निम्मे पहिल्या हिवाळ्यातच गेले. उरलेल्यांना मका पेरायला शिकवलं टिस्क्वांटम या तिथल्या मूळनिवासी माणसाने. मूळनिवासी बायका एकाच आळ्यात मका, घेवडा आणि भोपळा लावत. घेवडा मक्यावर चढतो, भोपळ्याची पानं जमीन झाकतात. आंतरपीक म्हटलं की आपल्या शेतकऱ्याला आणखी काही सांगावं लागत नाही. इंग्रजांना हवा होता गहू, पण १६६० च्या दशकापासून न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या वसाहतींतल्या गव्हाला तांबेऱ्याने ग्रासलं आणि राय व मक्याचं मिश्र पीठ हीच रोजची भाकर झाली. सकाळ-संध्याकाळ मक्याच्या पिठाचा घाटा, दुपारी मुख्य जेवण: खारवलेलं डुकराचं मांस, वाटाणे किंवा घेवडा, कंदमुळं, सगळं एकाच हंड्यात. लाकडी ताटली दोघांत एक. प्यायला सायडर, म्हणजे सफरचंदाचा आंबवलेला रस, लहान मुलांनासुद्धा.

वर्षाचं चक्र लक्षात ठेवायचं तर चरबीच्या मागे जा. थंडी पडली की जनावरं कापत, म्हणजे मांस टिकतं. मांस मिठात जाई, चरबी वितळवून वातींना पुट चढवत मेणबत्त्या होत. हिवाळाभर चुलीतली राख साठवत. वसंतात ती पिंपात भरून वरून पाणी ओतत. खालून झिरपणारं तपकिरी क्षारपाणी पुरेसं तेज झालं की नाही हे त्यात अंडं तरंगतं का यावरून ठरे. मग ते चरबीबरोबर तासन्‌तास ढवळत उकळायचं. त्या धुराला आणि वासाला घरात जागा नसे, अंगणातच काम. एवढं करून हाती येई तो मऊ, चिखलासारखा साबण.

कापडाचे शब्द वेगळे काढा

जवस आपण चटणीसाठी आणि तेलासाठी ओळखतो. विदर्भात शेतंच्या शेतं निळी फुलत. लिनन होतं ते त्याच झाडाच्या देठापासून. झाड कापत नाहीत, मुळासकट उपटतात, म्हणजे धागा लांब मिळतो. पेंढ्या वाळवायच्या, दाताळ्यातून ओढून बोंडं काढायची, मग देठ पाण्यात कुजवायचे. अंबाडी कुजवून वाख काढताना ज्यांनी पाहिलं आहे त्यांना तो वास सांगायला नको. पुन्हा वाळवून लाकडी सुळक्यांच्या यंत्रात काड्या मोडायच्या, झोडून भुसा उडवायचा, खिळ्यांच्या फणीतून विंचरायचं. लांब वाख चांगल्या सदऱ्याला, तुटका आखूड गोणपाटाला आणि राबणाऱ्यांच्या कपड्यांना. कातणं, विणणं, उन्हात शुभ्र करणं अजून बाकीच. वसंतात पेरलेल्या जवसाचा सदरा अंगावर यायला वर्ष सहज उलटे.

इथे यादी एक मोठा गैरसमज दूर करते. ‘तेव्हा प्रत्येक घर सगळं स्वतःच बनवायचं’ असं सर्रास सांगतात. पण याद्यांत चरखे पुष्कळ आणि माग थोडे. कित्येक घरांत चरखाही नाही, लोणी काढायचा डेरा नाही. एकीने सूत कातायचं, दुसऱ्याने विणायचं, तिसऱ्याने त्या बदल्यात बैलजोडी द्यायची. ज्याच्या त्याच्या हिशेबाच्या वहीत ‘एक दिवस नांगरट’, ‘दोन दिवस कापणी’ अशा नोंदी वर्षानुवर्षं चालत. धान्याचं कोठार उभारायचं किंवा मक्याची कणसं सोलायची तर गाव गोळा होई, आपल्या इर्जिकीसारखं. ‘स्वावलंबी कुटुंब’ हा शब्द मी प्रकल्पातून खोडून ‘एकमेकांवर अवलंबून असलेलं गाव’ असं लिहायला सांगते.

आणि मग यादीत अचानक ओळखीची माणसं भेटावीत तसे शब्द भेटतात: कॅलिको आणि चिंट्झ. पहिला कालिकतवरून आला, दुसरा म्हणजे आपली चीट, परकराची छापील चीट. हिंदुस्थानातलं सुती कापड लंडनमार्गे या घरांच्या पडद्यांवर, रजयांवर, झग्यांवर पोचलं होतं. मद्रासचा माजी गव्हर्नर इलायहू येल याने १७१८ मध्ये कनेक्टिकटमधल्या एका कॉलेजला मालाचे नऊ गठ्ठे पाठवले. त्यात कॅलिको आणि मलमलही होती. तो माल विकून पैसा उभा राहिला आणि कॉलेजला त्याचं नाव मिळालं.

घरात माणसं किती, ते मोजा

हा टप्पा घाईने उरकू नका. त्या काळी ‘फॅमिली’ म्हणजे एका छपराखाली एका धन्याच्या हुकमात राहणारी सगळी माणसं. रक्ताची, करारावरची आणि विकत घेतलेलीसुद्धा.

पुढे मुत्सद्दी आणि शास्त्रज्ञ म्हणून गाजलेल्या बेंजामिन फ्रँकलिनचं घर घ्या. वडील जोसाया बॉस्टनमध्ये मेणबत्त्या आणि साबण करत. दोन बायकांपासून १७ मुलं. एका वेळी तेरा जण जेवायला बसलेले फ्रँकलिनला आठवत होते. दहा वर्षांचा झाला तेव्हा तो वडिलांच्या हाताखाली वाती कापत होता. १७१८ मध्ये, बाराव्या वर्षी, त्याला थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारीवर बांधून दिलं, ते एकविसाव्या वर्षापर्यंत. जेवण, कपडे आणि हुन्नर मिळेल, पण पळून जाता येणार नाही. तो १७२३ मध्ये पळालाच, आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

मी मात्र तुम्हाला त्याची धाकटी बहीण जेन वाचायला सांगेन. जन्म १७१२, शेंडेफळ. पंधराव्या वर्षी खोगिरं करणाऱ्या शेजाऱ्याशी लग्न. बारा मुलं, त्यांतली अकरा तिच्या डोळ्यांदेखत गेली. कर्जबाजारी नवरा, घरात ठेवलेले भाडेकरू. घराण्याच्या साबणाची कृती तिला येत होती आणि म्हातारपणीही ती तो साबण करून भावाला पाठवत असे. मॅसॅच्युसेट्समध्ये १६४२ च्या कायद्याने मुलांना वाचायला शिकवणं आईबापांवर बंधनकारक होतं. वाचन आणि लेखन मात्र वेगवेगळं शिकवत आणि मुलींची मजल बहुधा वाचनापाशी संपे. म्हणून बायकांच्या सहीच्या जागी खूण दिसली तर ती निरक्षर होती असं लगेच धरू नका. जेनला थोडं लिहिता येत होतं. तिने एक लहानशी वही शिवून तीत मुलांचे जन्म आणि मृत्यू लिहून ठेवले. ती वही आज आहे.

लग्न झालं की बाईची जंगम मालमत्ता कायद्याने नवऱ्याची होई. त्यामुळे नवऱ्याच्या आधी वारलेल्या बाईची यादी सहसा होतच नसे. विधवेला हयातीपुरता जमिनीच्या तिसऱ्या हिश्श्याचा उपभोग मिळे. मृत्युपत्रं वाचाल तर आपल्या चोळी-बांगडीच्या तरतुदीची आठवण होईल: अमुक खोली तिची, भट्टी वापरायचा आणि स्वयंपाकघरातून जायचा-यायचा हक्क, वर्षाला इतका मका, इतकं सरपण मुलाने दारात आणून टाकावं. आईच्या वाट्याची लाकडंसुद्धा लिहून द्यावी लागत होती, हे वाचताना पोटात कालवतं.

करारावरचे नोकर साधारण चार ते सात वर्षांच्या बोलीने येत, जहाजाचं भाडं अंगमेहनतीने फेडायला. यादीत गाई-बैलांजवळ ‘नोकर, अजून तीन वर्षं’ आणि पुढे किंमत अशी ओळ आली तर दचकू नका. उरलेल्या वर्षांची ती किंमत.

आणि गुलामांच्या नावांपुढे वर्षं नसतात. व्हर्जिनियात १६१९ मध्ये आफ्रिकी बंदिवान उतरवले गेले. १६६२ च्या तिथल्या कायद्याने मूल आईच्या दर्जाचं ठरलं. आई गुलाम तर बाप कुणीही असो, मूल गुलाम. म्हणजे पाळण्यातलं बाळसुद्धा धन्याच्या यादीत किमतीसह चढे. हे फक्त दक्षिणेत होतं असं समजू नका. तेराही वसाहतींत गुलामी होती. बॉस्टनच्या स्वयंपाकघरांत, गोद्यांत, कारखान्यांत ही माणसं होती. पाद्री कॉटन मॅदरला देवी टोचण्याची आफ्रिकी पद्धत सांगितली ती ओनेसिमस या त्याच्या गुलामाने. १७२१ च्या साथीत बॉस्टनमध्ये आठशेहून अधिक माणसं गेली, त्याच साथीत डॉक्टर बॉयल्स्टनने ती पद्धत वापरून पाहिली. १६३५ च्या व्हर्जिनियातल्या एका जमिनीच्या कागदावर ‘टोनी, ईस्ट इंडियन’ असंही नाव आहे. तो कोणत्या गावचा, कोणती भाषा बोलायचा, हे त्या ओळीत नाही.

यादीत जे नाही ते शोधा

पंचांनी किंमत होईल तेवढंच लिहिलं. झाडू, सुपल्या, मुलांची लाकडी खेळणी क्वचितच दिसतात. रोज विहिरीवरून आणलेलं पाणी दिसत नाही. बाळंतपणं दिसत नाहीत. न्यू इंग्लंडमधली बाई साधारण दोन वर्षांच्या अंतराने सात-आठ मुलांना जन्म देई, सुईण आणि शेजारच्या बायका भोवती असत. त्यासाठी चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या, न्यायालयातल्या साक्षी आणि रोजनिश्या पाहा. बॉस्टनचे न्यायाधीश सॅम्युएल सूअल यांनी १६७४ पासून पन्नासहून अधिक वर्षं रोजनिशी ठेवली. त्यांच्या पहिल्या बायकोला १४ मुलं झाली आणि बहुतेक लहानपणीच गेली. मुलाचं दुखणं, दफन, दुसऱ्या दिवशीचं कामकाज सगळं तिथे एकापाठोपाठ येतं. आणि ज्या जमिनीवर हे घर उभं आहे ती आधी कुणाची होती, हेही यादी सांगत नाही.

मग प्रत्यक्ष जाऊन बघा

यादी वाचून गेलात तर संग्रहालय वेगळंच दिसेल. मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथ पटक्सेट इथलं इंग्रज गाव पुन्हा उभारलेलं आहे आणि तिथली माणसं १६२० च्या दशकातली बनून बोलतात. त्यांना विमानाबद्दल विचारू नका. ‘सरपण कोण फोडतं?’ असं विचारा, भरभरून बोलतील. शेजारच्या वाम्पानोग वस्तीतले मूळनिवासी कर्मचारी मात्र कुणाची भूमिका करत नाहीत. ती आजची माणसं आहेत, आजच्यासारखंच बोला, आणि मुलांना पिसांच्या टोप्या घालून नेऊ नका. डेडममधलं फेअरबँक्स घर सुमारे १६४० चं, मूळ लाकडांसह उभं आहे. मेडफर्डला रॉयल कुटुंबाच्या हवेलीशेजारी गुलामांच्या राहण्याची इमारत आजही आहे; हवेली आधी आणि ती नंतर असं न करता दोन्ही एकाच फेरीत बघा. व्हर्जिनियातलं विल्यम्सबर्ग पाहायला दोन दिवस हवेत. क्रांतीच्या सुमारास त्या गावातली निम्मी वस्ती काळ्या माणसांची होती, हे मनात ठेवून तिथल्या रस्त्यांवरून चाला.

घरी आल्यावर यादीची छापील प्रत आणि तीन रंगांच्या पेन्सिली घ्या. प्रत्येक वस्तूवर ती रोज कुणाच्या हातात असायची त्याप्रमाणे रंग द्या: धन्याच्या, बायकोच्या, की नोकर-गुलामांच्या. मुलांना हे करायला फार आवडतं आणि थोड्याच वेळात ती आपापसांत भांडू लागतात की किटली नेमकी कुणाची. मग यादीत गुलाम माणसाचं एखादं नाव सापडलं, बहुधा आडनावाशिवायच, तर ते गाव आणि साल यांसह वहीत उतरवून ठेवा. त्याच गावच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत ते नाव पुन्हा शोधा, आणि १७०४ नंतरचं साल असेल तर बॉस्टनच्या वर्तमानपत्रांत पळून गेलेल्यांच्या जाहिरातीही चाळा. अंगावर कोणता कोट होता, कोणती भाषा बोलायचा, कोणतं वाद्य वाजवायचा, हे कित्येकदा तिथेच सापडतं.